खड्ड्यांतून वीज? ऊर्जा परत देणारे शॉक अ‍ॅब्सॉर्बर

खराब रस्त्यावरून तास-दीड तास धावून आलेल्या जीपचे किंवा मोटारसायकलचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर हाताला गरम लागतात, हे गॅरेजमधील कोणत्याही मिस्त्रीला ठाऊक असते. ही उष्णता इंजिनाची नसते आणि केवळ उन्हाचीही नसते. रस्त्यावरील प्रत्येक उंचवट्याने आणि खड्ड्याने गाडीला दिलेल्या धक्क्यांची ती उष्णता असते. धक्का शोषून घेणे याचा अर्थच मुळी धक्क्यातील ऊर्जेची उष्णता करून ती हवेत सोडून देणे. अशी वाया जाणारी ऊर्जा विजेच्या रूपात परत मिळवता येईल काय, या प्रश्नाने गेली चार दशके अमेरिका, जपान आणि युरोपातील अभियंत्यांना कामाला लावले आहे.

खड्ड्यांतून वीज निर्माण होणार, हे वाचून आपल्याकडील वाहनचालकाच्या चेहऱ्यावर हसू उमटल्याशिवाय राहणार नाही. कच्चा माल आपल्याकडे मुबलक आहे! मात्र या तंत्रज्ञानाकडे गंमत म्हणून पाहून चालणार नाही आणि चमत्कार म्हणूनही नाही. असे शॉक अ‍ॅब्सॉर्बर प्रत्यक्षात बनलेले आहेत, रस्त्यावर त्यांच्या चाचण्या झालेल्या आहेत आणि त्यांनी दिलेल्या विजेची मोजमापेही उपलब्ध आहेत. ही वीज नेमकी किती, ती येते कोठून आणि तिची किंमत कोण मोजतो, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे काम

गाडीचे चाक आणि सांगाडा यांच्यामध्ये दोन निरनिराळ्या वस्तू काम करीत असतात. एक म्हणजे स्प्रिंग. ट्रक आणि बसमध्ये तिची जागा बहुधा पाटे घेतात. दुसरी म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बर. चाक उंचवट्यावर चढले की स्प्रिंग दाबली जाते आणि धक्क्यातील ऊर्जा स्वतःत साठवते. परंतु साठवलेली ऊर्जा ती लगेच परतही करते. केवळ स्प्रिंगवर उभी असलेली गाडी एका खड्ड्यानंतर बराच वेळ झोपाळ्यासारखी वरखाली होत राहील.

हे झोके थांबवण्याचे काम शॉक अ‍ॅब्सॉर्बर करतो. तेलाने भरलेल्या नळीत एक दट्ट्या असतो आणि त्या दट्ट्याला बारीक छिद्रे व झडपा असतात. चाक वरखाली होताना दट्ट्याही सरकतो, तेल त्या छिद्रांतून जबरदस्तीने ढकलले जाते आणि त्या विरोधामुळे हालचाल मंदावते. हालचालीची ऊर्जा तेलाच्या उष्णतेत बदलते आणि नळीच्या बाहेरून वाहणारा वारा ती घेऊन जातो.

हे काम प्रवाशांच्या आरामापुरते मर्यादित नाही. चाक रस्त्याला टेकून राहिले तरच ब्रेक लागतो आणि स्टिअरिंगचे ऐकले जाते. त्यामुळे शॉक अ‍ॅब्सॉर्बर हा सुरक्षिततेचा भाग आहे. त्याच्याकडून वीज घ्यायची असेल तर हे मूळ काम तसूभरही बिघडता कामा नये, ही पहिली अट ठरते.

ऊर्जा येते कोठून?

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. रस्ता जागचा हलत नाही. त्यामुळे तो गाडीला ऊर्जा देऊ शकत नाही. पुढे धावणारे चाक उंचवट्याला धडकते तेव्हा गाडीच्या पुढे जाण्याच्या गतीचा एक छोटासा अंश वरखाली हालचालीत बदलतो. गती तेवढी कमी होते आणि ती टिकवण्यासाठी इंजिनाला थोडे अधिक इंधन जाळावे लागते. म्हणजेच शॉक अ‍ॅब्सॉर्बरमधील उष्णता ही अखेर पंपावर पैसे मोजून घेतलेल्या पेट्रोलची किंवा डिझेलची, आणि विजेवरील गाडीत बॅटरीची असते.

ऊर्जा अक्षय्यतेचा नियम येथेही मोडत नाही. असे शॉक अ‍ॅब्सॉर्बर नवी ऊर्जा निर्माण करीत नाहीत. आधीच खर्च झालेल्या ऊर्जेतील काही भाग, तो हवेत विरून जाण्यापूर्वी, ते परत मिळवतात. ब्रेक लावताना वीज साठवणाऱ्या हायब्रीड आणि विजेवरील गाड्यांत हेच तत्त्व वापरले जाते.

सायकलच्या डायनॅमोचे तत्त्व

मायकेल फॅरेडे यांनी १८३१ साली दाखवून दिले की, तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलवला तर तारेत विद्युतप्रवाह निर्माण होतो. हाइनरिख लेन्झ यांनी १८३४ साली त्याला पुस्ती जोडली : हा प्रवाह ज्या हालचालीमुळे निर्माण होतो, तिलाच विरोध करतो. ज्यांनी रात्री डायनॅमो लावून सायकल चालवली आहे, त्यांना हा नियम पुस्तकाबाहेरही ठाऊक आहे. डायनॅमो टायरला टेकवला की दिवा लागतो, पण पायडल जड होते.

सायकलस्वाराला हा जडपणा नकोसा वाटतो. शॉक अ‍ॅब्सॉर्बरला मात्र नेमका तोच हवा असतो. हालचालीला विरोध करणे हे त्याचे कामच आहे. म्हणून तेलाऐवजी एखादे जनित्र चाकाच्या वरखाली हालचालीला जोडले, तर त्याचा विरोध गाडीचे झोके थांबवील आणि त्याच वेळी वीजही मिळेल. शिवाय जनित्रातून किती प्रवाह घ्यायचा हे इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने ठरवता येत असल्याने शॉक अ‍ॅब्सॉर्बर क्षणार्धात कडक किंवा मऊ करता येतो. तेलाच्या साध्या नळीला हे जमत नाही.

तीन मार्ग

हे तत्त्व प्रत्यक्षात आणण्याचे प्रामुख्याने तीन मार्ग आहेत. पहिला सर्वांत सरळ. नळीत तारेची वेटोळी आणि मधल्या दांड्यावर शक्तिशाली चुंबक. दांडा सरकला की वीज निर्माण होते. यात दातेरी चाके नसल्याने झीज कमी. पण साध्या रस्त्यावर ही हालचाल अवघ्या काही मिलिमीटरची आणि संथ असते. पुरेशी वीज मिळवण्यासाठी मोठे, जड आणि महाग चुंबक लागतात.

दुसरा मार्ग सरळ हालचालीचे फिरत्या हालचालीत रूपांतर करण्याचा. दातेरी पट्टी आणि दातेरी चाक किंवा मळसूत्र यांच्या साह्याने संथ हालचालीचा वेग वाढवून लहान जनित्र फिरवले जाते. अडचण अशी की चाक वर जाताना जनित्र एका दिशेला आणि खाली येताना उलट दिशेला फिरते. क्षणोक्षणी थांबून उलटे फिरण्यात ऊर्जा वाया जाते आणि दाते झिजतात. त्यावर शोधलेला उपाय सायकलच्या फ्रीव्हीलची आठवण करून देतो. एकाच दिशेने पकडणारे दोन क्लच अशा रीतीने बसवले जातात की चाक वर जावो वा खाली, जनित्र एकाच दिशेने फिरत राहते.

तिसरा मार्ग तेल कायम ठेवण्याचा आहे. दट्ट्याने ढकललेले तेल बारीक छिद्रांतून जाण्याऐवजी एका छोट्या टर्बाइनमधून किंवा तेलावर चालणाऱ्या मोटारीतून जाते आणि तिला जोडलेले जनित्र वीज देते. धरणाखालच्या वीजगृहाची ही चिमुकली आवृत्तीच म्हणता येईल.

चार दशकांचा प्रवास

शॉक अ‍ॅब्सॉर्बरमध्ये किती ऊर्जा वाया जाते, याचा हिशोब आधी झाला. सेगेल आणि लू या अमेरिकी संशोधकांनी १९८२ साली काढलेल्या अंदाजानुसार, खराब रस्त्यावर ताशी सुमारे ४८ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मोटारीच्या चार शॉक अ‍ॅब्सॉर्बरमध्ये मिळून सुमारे २०० वॉट शक्ती उष्णतेच्या रूपाने जाते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेतील डीन कार्नोप यांनी १९८९ साली चुंबकीय मोटारींचा शॉक अ‍ॅब्सॉर्बर म्हणून उपयोग कसा करता येईल, याची मांडणी केली. जपानमध्ये सुदा आणि शिइबा यांनी १९९६ साली ऊर्जा परत मिळवणाऱ्या संकरित यंत्रणेचा विचार पुढे आणला. अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठात रोनाल्ड गोल्डनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली चुंबकीय शॉक अ‍ॅब्सॉर्बरवरील अभ्यास प्रसिद्ध केला.

सर्वसामान्यांचे लक्ष या विषयाकडे वेधले गेले ते २००९ साली. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजेच एमआयटीमधील पदवीच्या विद्यार्थ्यांनी तेल आणि टर्बाइनच्या मार्गाने चालणारा शॉक अ‍ॅब्सॉर्बर तयार केला आणि ‘लेव्हंट पॉवर’ ही कंपनी स्थापन केली. गाडीत ऊर्जा नेमकी कोठे वाया जाते, हे शोधण्यासाठी त्यांनी निरनिराळ्या मोटारींवर संवेदक बसवून मोजणी केली होती. सहा शॉक अ‍ॅब्सॉर्बर असलेल्या अवजड ट्रकवर प्रत्येक शॉक अ‍ॅब्सॉर्बर सरासरी एक किलोवॉटपर्यंत वीज देऊ शकतो, असे त्यांनी सांगितले. इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बंद पडली तरी तो साध्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरप्रमाणे काम करीत राहील, अशी त्याची रचना होती.

त्याच सुमारास न्यूयॉर्क राज्यातील स्टोनी ब्रूक विद्यापीठात लेई झुओ यांचा गट दातेरी पट्टी आणि चुंबक या दोन्ही मार्गांवर काम करीत होता. या कामाला २०११ साली ‘आर अँड डी १००’ हा पुरस्कार मिळाला. एकाच दिशेने जनित्र फिरवणारी वर उल्लेखिलेली क्लचची युक्ती याच गटाने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात मांडली.

जर्मनीतील ऑडी कंपनीने २०१६ साली ‘ई-रॉट’ नावाची यंत्रणा जाहीर केली. तीत उभ्या नळीऐवजी आडव्या बसवलेल्या विद्युत मोटारी असून त्या ४८ व्होल्टच्या यंत्रणेला जोडलेल्या होत्या. उभी नळी गेल्यामुळे सामानासाठी जागा वाढते, हा आणखी एक लाभ कंपनीने सांगितला.

आकडे काय सांगतात?

आता या विजेचा हिशोब पाहू. झुओ यांच्या गटाच्या गणितानुसार, मध्यम आकाराची मोटार ताशी सुमारे ९७ किलोमीटर वेगाने चांगल्या आणि साधारण रस्त्यावर धावत असता चार शॉक अ‍ॅब्सॉर्बरमध्ये मिळून १०० ते ४०० वॉट शक्ती उपलब्ध असते. हा झाला उपलब्ध साठा. प्रत्यक्ष हाती येणारी वीज त्याहून कमी. विद्यापीठाच्या आवारातील बऱ्यापैकी गुळगुळीत रस्त्यावर ताशी ४८ किलोमीटर वेगाने गाडी चालवून घेतलेल्या चाचणीत एका शॉक अ‍ॅब्सॉर्बरने सरासरी १९ वॉट वीज दिली. क्षणिक उच्चांक ६८ वॉटचा होता. चार चाकांचा विचार केला तर हे सरासरी ७६ वॉट होतात.

ऑडीने दिलेले आकडेही या चित्राशी जुळतात. जर्मनीतील रस्त्यांवरील चाचण्यांत सरासरी १०० ते १५० वॉट वीज परत मिळाली. नव्याने डांबर टाकलेल्या महामार्गावर ती केवळ ३ वॉट होती, तर खडबडीत आडरस्त्यावर ६१३ वॉटपर्यंत गेली. यामुळे दर किलोमीटरमागे कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन ३ ग्रॅमपर्यंत कमी होऊ शकते, असे कंपनीने म्हटले होते.

शंभर वॉट म्हणजे किती? विजेवरील गाडीला प्रत्येक किलोमीटरला सुमारे १५० वॉट-तास ऊर्जा लागते असे धरू. ताशी ६० किलोमीटर वेगाने एक तास गेल्यास ९,००० वॉट-तास खर्च होतात. तेवढ्या वेळात शॉक अ‍ॅब्सॉर्बरनी १०० वॉट-तास परत दिले, तर बचत साधारण एक टक्का होते. साठ किलोमीटरच्या प्रवासात पाऊण किलोमीटरहूनही कमी अंतराची ही कमाई आहे.

याच्या शेजारी ब्रेकचा हिशोब मांडला की चित्र अधिक स्पष्ट होते. दीड हजार किलो वजनाची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असता तिच्या गतीत सुमारे ५८ वॉट-तास ऊर्जा असते. ब्रेक लावताना तिच्यातील साठ टक्के परत मिळवली तर ३५ वॉट-तास होतात. म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बर तासभरात जेवढे देतात, तेवढे तीन वेळा गाडी थांबवताना मिळून जाते. ब्रेकपासून वीज घेणाऱ्या गाड्या सर्रास विकल्या जातात आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरपासून वीज घेणाऱ्या गाड्या मात्र दिसत नाहीत, याचे मोठे कारण या हिशोबात आहे.

पेट्रोलच्या गाडीत चित्र किंचित बरे दिसते. तेथे दिवे, पंखा आणि इतर उपकरणांची वीज इंजिनाला जोडलेल्या अल्टरनेटरमधून येते. इंधनातील ऊर्जेचा जेमतेम सहावा भाग या वाटेने विजेत उतरतो असे धरल्यास, शॉक अ‍ॅब्सॉर्बरकडून मिळालेले १०० वॉट सुमारे ६०० वॉट इंधनाची बचत करतात. लिटरला १५ किलोमीटर देणारी गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने तासाला ४ लिटर पेट्रोल जाळते. म्हणजे सुमारे ३५ किलोवॉट. त्यातील बचत दोन टक्क्यांच्या आत राहते.

अडचणींचा पाढा

एक-दोन टक्के बचतही लाखो गाड्यांच्या हिशोबाने क्षुल्लक नाही. प्रश्न आहे तो त्यासाठी मोजाव्या लागणाऱ्या किमतीचा. साधा शॉक अ‍ॅब्सॉर्बर स्वस्त, हलका आणि वर्षानुवर्षे टिकणारा असतो. त्याच्या जागी चुंबक, दातेरी चाके, जनित्र आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आली की वजन आणि किंमत दोन्ही वाढतात. चाकाबरोबर हलणारा भाग जड झाला तर चाक रस्त्याला नीट चिकटून राहत नाही. वाढलेले वजन वाहून नेण्यासाठीही ऊर्जा लागते आणि मिळालेल्या बचतीतून ती वजा होते.

दुसरी अडचण अचानक बसणाऱ्या मोठ्या धक्क्याची. नेहमीच्या बारीक हालचालींसाठी बनवलेले दाते खोल खड्ड्यात आदळताना येणारा जोर सहन करतील याची खात्री हवी. चिखल, पाणी आणि धूळ यांचा मारा तर अखंड असतो. तिसरी बाब बॅटरीची. ती पूर्ण भरलेली असली तरी झोके थांबवण्याचे काम थांबून चालत नाही. अशा वेळी आलेली वीज एखाद्या रोधकात उष्णता करून सोडावी लागते.

विजेकडून आरामाकडे

या प्रवासातील लक्षवेधी वळण असे की ज्यांनी विजेसाठी सुरुवात केली, ते हळूहळू दुसऱ्याच उद्दिष्टाकडे वळले. जनित्र उलटे चालवले की ते मोटार होते. चाकाजवळ मोटार असेल तर ती धक्क्याला केवळ विरोध करण्यावर थांबत नाही. चाक खड्ड्यात जाताना त्याला खाली ढकलू शकते आणि उंचवट्यावर वर उचलूनही घेऊ शकते.

बंगाली वडिलांचे पुत्र आणि ध्वनियंत्रणांसाठी जगभर प्रसिद्ध असलेले एमआयटीचे प्राध्यापक अमर बोस यांनी या कल्पनेवर १९८० पासून काम केले होते. त्यांच्या कंपनीने २००४ साली दाखवलेल्या मोटारीत प्रत्येक चाकाजवळ विद्युतचुंबकीय मोटार होती. चाक ढकलताना वापरलेल्या विजेचा काही भाग परत घेण्याची सोय असल्याने या यंत्रणेला गाडीच्या एअर कंडिशनरच्या एक तृतीयांशाहून कमी वीज पुरते, असे कंपनी सांगत असे. वजन आणि किंमत यांमुळे ही यंत्रणा बाजारातील मोटारींपर्यंत पोहोचली नाही.

लेव्हंट पॉवरने २०१३ साली जर्मनीतील झेडएफ या सुट्या भागांच्या कंपनीशी सहकार्य जाहीर केले, तेव्हाही भर चाकांवर सक्रिय नियंत्रण ठेवण्यावर होता. पुढे तिचे नाव ‘क्लिअरमोशन’ झाले आणि २०१७ साली तिने बोस यांच्या कंपनीचे हे तंत्रज्ञान विकत घेतले. चीनमधील निओ कंपनीच्या ‘ईटी९’ या २०२५ पासून ग्राहकांना मिळू लागलेल्या महागड्या विद्युत मोटारीत क्लिअरमोशनची यंत्रणा आहे. ऑडीनेही २०१७ च्या ‘ए८’ मोटारीसाठी प्रत्येक चाकाला विद्युत मोटारीने उचलणारी यंत्रणा आणली. ग्राहक आरामासाठी पैसे मोजतो; शंभर वॉटसाठी मोजत नाही, हे या कंपन्यांनी ओळखलेले दिसते. परत मिळणारी वीज आता मुख्य उत्पन्न न राहता, यंत्रणेचा स्वतःचा खर्च भागवणारी पूरक बाब झाली आहे.

अवजड वाहनांना संधी

तरीही विजेचा मूळ हेतू अगदीच निकालात निघालेला नाही. वाहन जितके जड आणि वाट जितकी खडतर, तितकी शॉक अ‍ॅब्सॉर्बरमधील ऊर्जा अधिक. अवजड ट्रक, लष्करी वाहने आणि खाणींतील डंपर यांचा विचार संशोधक प्राधान्याने करतात तो यामुळेच. शीतगृहाची सोय असलेल्या ट्रेलरला थंडाव्यासाठी सतत वीज लागते. तेथे एक किलोवॉटही मोलाचा ठरतो. रेल्वेच्या मालडब्यांत सहसा विजेची सोयच नसते. डब्यांची जागा किंवा चाकांच्या बेअरिंगचे तापमान कळवणाऱ्या संवेदकाला काही वॉट पुरतात आणि एवढी वीज डब्याच्या हेलकाव्यांतून मिळू शकते. जेथे तार नेणे अवघड आणि बॅटरी बदलणे खर्चिक, तेथे थोडी वीजही महत्त्वाची असते.

खड्डे बुजवणेच फायद्याचे

आता राहिला प्रश्न आपल्या रस्त्यांचा. ऑडीच्या आकड्यांत ३ वॉट आणि ६१३ वॉट यांतील फरक पाहून, रस्ता जितका वाईट तितकी कमाई जास्त, असा निष्कर्ष कोणी काढील. तो चुकीचा आहे. खडबडीत रस्त्यावर मिळालेले प्रत्येक वॉट गाडीच्या इंधनातून आधी वजा झालेले असते आणि परत मिळताना त्यातील काही भाग पुन्हा वाया जातो. एक रुपया हरवून त्यातले आठ आणे सापडले, तर त्याला उत्पन्न म्हणत नाहीत.

शिवाय खड्ड्यांचा खर्च शॉक अ‍ॅब्सॉर्बरपुरता मर्यादित नसतो. टायर दबून गरम होतात, वारंवार ब्रेक लावून पुन्हा वेग घ्यावा लागतो, पाटे तुटतात, माल फुटतो आणि चालकाच्या पाठीचे दुखणे कायमचे होते. खड्डा चुकवताना दुचाकीस्वाराचा जीव जातो, तो हिशोब तर कोणत्याच वॉटमध्ये मांडता येत नाही. यातले काहीही बॅटरीत परत येत नाही.

ऊर्जा परत देणारे शॉक अ‍ॅब्सॉर्बर ही अभियांत्रिकीची खरी आणि उपयुक्त कल्पना आहे. अवजड वाहनांत आणि महागड्या मोटारींच्या आरामदायी यंत्रणांत तिला स्थान आहे. मात्र अशा उपकरणांच्या नावाखाली इंधनखर्च निम्म्यावर आणण्याची हमी कोणी देऊ लागला, तर ग्राहकाने वर दिलेला शंभर वॉटचा हिशोब आठवावा. आणि रस्त्याची जबाबदारी असलेल्यांनी हे ध्यानात ठेवावे की, ज्या गुळगुळीत रस्त्यावर शॉक अ‍ॅब्सॉर्बरकडून अवघे तीन वॉट मिळतात, त्याच रस्त्यावर त्यांत वाया जाणारे इंधनही सर्वांत कमी असते.